नागपुरातील निर्वासित कुटुंबांसाठी काम करणाऱ्या लहान संस्थेला छोटे अनुदान कुठून मिळू शकेल? सल्ला हवा आहे

अभ्यासिका_उत्तर_नागपूर

सर्वांना नमस्कार. जरीपटका परिसरात आमची एक लहान संस्था पाकिस्तानच्या सिंध प्रांतातून आलेल्या आणि दीर्घ मुदतीच्या व्हिसावर, म्हणजे एलटीव्हीवर राहणाऱ्या कुटुंबांसाठी काम करते. फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांनी ही वस्ती उभी केली आणि त्यांच्यापैकी कुणाचे ना कुणाचे आप्त म्हणूनच ही नंतरची कुटुंबे नागपूरला आली आहेत. राहायला जागा आणि दुकानात काम त्यांना नात्यागोत्यातून मिळते. मुलांचे शिक्षण आणि कागदपत्रे या दोन गोष्टी मात्र नात्यातून सुटत नाहीत, म्हणून आम्ही त्या हाती घेतल्या.

संध्याकाळी आमची अभ्यासिका चालते. तिकडे सिंधी किंवा उर्दू माध्यमात शिकलेली मुले इकडे एकदम हिंदी किंवा मराठी शाळेत बसतात. उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सवय असलेला सहावीचा मुलगा वही मागच्या बाजूने उघडतो, आणि तोंडी हिशेबात वर्गात सर्वांच्या पुढे असूनही गणितातील शाब्दिक उदाहरण वाचता येत नाही म्हणून परीक्षेत मागे पडतो. दुसरे काम कागदपत्रांचे. व्हिसाच्या मुदतवाढीचा ऑनलाइन अर्ज, जुन्या दाखल्यांचे भाषांतर, नागरिकत्वाच्या अर्जासोबतची कागदपत्रे आणि पारपत्राचे नूतनीकरण करायचे झाल्यास दिल्लीतील पाकिस्तानी उच्चायुक्तालयापर्यंतचा प्रवास, या प्रत्येक गोष्टीला पैसा लागतो आणि रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला तो एकदम उभा करता येत नाही.

संस्थेची नोंदणी संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० या दोन्हींखाली झालेली असून लेखापरीक्षण नियमित आहे. १२-ए (संस्थेच्या उत्पन्नाला प्राप्तिकरातून सूट) आणि ८०-जी (देणगीदाराला करसवलत) या नोंदण्या अजून घेतलेल्या नाहीत. वर्षाला साधारण दोन ते तीन लाख रुपयांची गरज आहे. निर्वासितांना मदत करणाऱ्या स्थानिक संस्थांना परदेशी दूतावास लहान अनुदाने देतात असे ऐकले आहे. शिवाय दुबई आणि अमेरिकेत स्थायिक झालेले काही सिंधी कुटुंबीय मदत पाठवायला तयार आहेत, आणि ज्यांची मुले शिकतात ते पालकही महिन्याला थोडी वर्गणी देऊ म्हणतात. यातील कोणता मार्ग धरावा आणि सुरुवात कुठून करावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ताळेबंद

ताई, नमस्कार. मी सनदी लेखापाल आहे आणि नागपुरातील बऱ्याच लहान संस्थांचे लेखापरीक्षण करतो. तुम्ही मांडलेल्या तिन्ही मार्गांना एकच कायदा लागू होतो, म्हणून आधी त्याविषयी सविस्तर लिहितो. एकही रुपया स्वीकारण्यापूर्वी हे वाचावे, अशी विनंती आहे.

दूतावासांच्या अनुदानांविषयी तुम्ही ऐकले ते खरे आहे. उदाहरणार्थ, अमेरिकी परराष्ट्र खात्याचा ज्युलिया टॅफ्ट यांच्या नावाचा निर्वासित निधी याच हेतूने सुरू झाला. मोठ्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमांतून सुटलेली एखादी स्थानिक गरज भागवण्यासाठी दूतावासामार्फत पंचवीस हजार डॉलरपर्यंतची रक्कम स्थानिक संस्थेला द्यायची, अशी त्याची रचना. परंतु भारतात अशी रक्कम म्हणजे विदेशी अंशदान होय आणि ती घ्यायची तर विदेशी अंशदान नियमन अधिनियम २०१०, म्हणजे एफसीआरएखाली केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी लागते आणि मागील तीन आर्थिक वर्षांत मिळून तिने आपल्या मूळ कार्यावर किमान पंधरा लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. वर्षाला दोन-तीन लाखांत काम करणारी संस्था ही अट पूर्ण करू शकत नाही. पूर्वपरवानगी विशिष्ट देणगीदाराकडून विशिष्ट कामासाठी मिळणाऱ्या ठरावीक रकमेपुरती असते, आणि तिच्यासाठी देणगीदाराचे लेखी आश्वासन आधी हातात असावे लागते. पूर्वी एखादी मोठी नोंदणीकृत संस्था परदेशी रक्कम घेऊन त्यातून लहान संस्थांना वाटा देत असे. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने तेही बंद झाले. त्यामुळे ‘आमच्या नावावर पैसे घ्या आणि आम्हाला द्या’ असा प्रस्ताव कोणी मांडला तर तो स्वीकारू नये.

परदेशातील आप्तांच्या बाबतीत, पैसा कोणत्या देशातून आला यापेक्षा देणाऱ्याचे नागरिकत्व कोणते हे पाहावे लागते. दुबईत राहणाऱ्या परंतु भारतीय पारपत्र असलेल्या व्यक्तीने आपल्या बचतीतून बँकेच्या नेहमीच्या मार्गाने पाठवलेली देणगी विदेशी अंशदान ठरत नाही. त्या व्यक्तीच्या पारपत्राची प्रत मात्र फाइलमध्ये ठेवावी. ज्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आहे, त्यांच्याकडे ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीयांना मिळणारे कार्ड असले तरी कायद्याच्या दृष्टीने ते परदेशी नागरिकच. त्यांची देणगी नोंदणीशिवाय घेता येत नाही.

आता पालकांच्या वर्गणीविषयी. याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. एलटीव्हीवर राहणारे पालक वर्षानुवर्षे नागपुरात राहात असले, येथेच कमावत असले आणि वर्गणी रोख रुपयांत देत असले, तरी भारतीय नागरिकत्व मिळेपर्यंत ते परदेशी नागरिक आहेत आणि परदेशी नागरिक हा एफसीआरएच्या व्याख्येत ‘विदेशी स्रोत’ आहे. त्यांनी प्रेमाने दिलेले शंभर रुपये संस्थेच्या पावती पुस्तकावर देणगी म्हणून जमा झाले, तर संस्था अडचणीत येऊ शकते. या कायद्याच्या उल्लंघनाला पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. पालकांना काही करायचेच असेल तर त्यांनी वेळ द्यावा. खोलीची झाडलोट करावी, मुलांना सोडणे-आणणे सांभाळावे, भाषांतराला हातभार लावावा. ज्या पालकांना नागरिकत्वाचे प्रमाणपत्र मिळाले आहे त्यांची देणगी निःशंक घ्यावी.

तेव्हा माझे मत असे की पुढची काही वर्षे परदेशी पैशाचा विचार पूर्णपणे बाजूला ठेवून फक्त भारतीय नागरिक आणि भारतीय कंपन्या यांच्याकडेच पाहावे. १२-ए आणि ८०-जी यांविषयी स्वतंत्रपणे लिहितो.

सदरकर

वरील माहिती उपयुक्त आहे. एक शंका विचारतो. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचे, म्हणजे यूएनएचसीआरचे कार्यालय दिल्लीत आहे. त्यांच्याकडे थेट अर्ज करता येणार नाही का? संयुक्त राष्ट्रांना एफसीआरएमधून वगळलेले आहे असे वाचले होते.

ताळेबंद

संयुक्त राष्ट्रे आणि त्यांच्या विशेष संस्था ‘विदेशी स्रोत’ मानल्या जात नाहीत, हे बरोबर आहे. अडचण वेगळीच आहे. भारत १९५१ च्या निर्वासितविषयक करारात किंवा १९६७ च्या पूरक करारात सहभागी नाही. तिबेटी आणि श्रीलंकन निर्वासितांची व्यवस्था भारत सरकार स्वतः पाहते आणि यूएनएचसीआरकडे मुख्यतः म्यानमार, अफगाणिस्तान आदी देशांतून आलेल्यांची नोंदणी होते. एलटीव्हीवरील सिंधी कुटुंबे त्या यादीत नाहीत. ती गृह मंत्रालयाच्या व्हिसा व्यवस्थेत येतात आणि त्यांचा संबंध पोलीस आयुक्तालयातील परदेशी नागरिक नोंदणी विभागाशी येतो. त्यामुळे तेथे अर्ज करण्यात वेळ जाईल, हाती काही लागणार नाही.

गोठणगाव_वाट

मी गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात नोकरीला होतो. इटियाडोह धरणाजवळ गोठणगाव-प्रतापगड भागात १९७२ पासून नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. थंडीत नागपुरात स्वेटर विकायला येणारी काही कुटुंबे तेथलीच. अनुदानाचा विषय निघाला की लोक त्या वसाहतीचे उदाहरण देतात, म्हणून लिहितो आहे. त्यांच्यामागे मध्यवर्ती तिबेटी मदत समिती आहे. केंद्र सरकारने तिला वसाहतींच्या खर्चासाठी पाच वर्षांकरिता चाळीस कोटी रुपयांचे अनुदान मंजूर केले होते आणि पुढे योजनेला मुदतवाढही दिली. शिवाय २०१४ चे तिबेटी पुनर्वसन धोरण आहे, ज्यामुळे राज्य सरकारच्या योजनांचा लाभ त्यांच्यापर्यंत पोहोचवता येतो. सिंधी कुटुंबांसाठी असे एकछत्री मंडळ नाही आणि ती एका जागी वसाहत करूनही राहात नाहीत. म्हणून तेथल्या प्रस्तावांची नक्कल करून उपयोग होणार नाही. एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. त्या वसाहतीत प्रत्येक कुटुंबाची नोंद कार्यालयात अद्ययावत असते, कोणाच्या नोंदणी प्रमाणपत्राची मुदत केव्हा संपते ते तेथे एका दृष्टिक्षेपात कळते. तुमच्याकडे अशी नोंदवही असेल तर मदत मागताना गरज किती आणि कोणत्या महिन्यात, हे नेमके सांगता येईल.

ताळेबंद

आता १२-ए आणि ८०-जी. तुमचे काम आधीपासून सुरू आहे. नव्याने स्थापन झालेल्या आणि काम सुरू न केलेल्या संस्थांना तात्पुरती नोंदणी मिळते, तर काम सुरू झालेल्या संस्थेला थेट नियमित नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. अर्ज भरताना चुकीचा पर्याय निवडला गेला म्हणून अर्ज फेटाळले गेल्याची बरीच प्रकरणे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम २०२५ लागू होत असल्याने कलमांचे आणि अर्जांचे क्रमांक बदलतात. बोलण्यात मात्र सगळे १२-ए, ८०-जीच म्हणत राहतील, त्यामुळे अर्ज करताना चालू क्रमांक तपासून घ्यावा.

त्याआधी तुमच्या संस्थेची घटना काढून उद्देशांचे कलम वाचा. त्यात ‘पाकिस्तानातून आलेल्या हिंदू सिंधी बांधवांच्या उन्नतीसाठी’ अशा अर्थाचे वाक्य असेल तर ते बदलावे लागेल. विशिष्ट धर्माच्या किंवा जातीच्या लोकांपुरताच लाभ असलेल्या धर्मादाय संस्थेला प्राप्तिकरातील सूट नाकारली जाते आणि ८०-जीसाठीही तीच अट आहे. ‘विस्थापित व स्थलांतरित कुटुंबांचे शिक्षण, कायदेविषयक साहाय्य व पुनर्वसन, जात-धर्म-भाषा निरपेक्ष’ असा उद्देश असावा आणि प्रत्यक्षातही अभ्यासिकेचे दार वस्तीतल्या इतर गरजू मुलांना उघडे असावे. उद्देश बदलायचा झाल्यास सर्वसाधारण सभेचा ठराव करून दोन्ही कायद्यांखाली रीतसर बदल नोंदवावा लागतो, आणि त्यात काही महिने जातात हे धरून चाला.

दुसरी तपासणी परिशिष्ट एकची, म्हणजे धर्मादाय कार्यालयातील संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्याची. तुमच्या एफ क्रमांकाच्या नोंदीत आज कार्यरत असलेल्या विश्वस्तांचीच नावे आहेत ना? कार्यकारी मंडळात बदल झाल्यावर ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. माझ्या माहितीतील एका संस्थेचे अध्यक्ष दिवंगत झाले, नवे अध्यक्ष निवडले गेले, इतिवृत्तही नीट लिहिले गेले, परंतु बदल अर्ज राहून गेला. पुढे एका कंपनीने धनादेश देण्याची तयारी दाखवली तेव्हा परिशिष्टावर दिवंगत अध्यक्षांचेच नाव होते. ती रक्कम त्या वर्षी दुसऱ्या संस्थेला गेली. सिव्हिल लाइन्समधील धर्मादाय कार्यालयातून परिशिष्टाची प्रमाणित प्रत काढून घ्या, ती पुढे प्रत्येक ठिकाणी लागणारच आहे. नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांसाठीच्या पोर्टलवरील नोंदणीही याच टप्प्यावर करावी. ती विनामूल्य आहे.

दायित्व_निधी

मी एका कंपनीच्या सामाजिक उत्तरदायित्व विभागात, म्हणजे सीएसआरमध्ये काम करते. कंपनीचे नाव येथे लिहीत नाही.

कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १३५ नुसार, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची असते, आणि कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे असे कायदा सांगतो. नागपुरात वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉइल या दोन सार्वजनिक कंपन्यांची मुख्यालये आहेत आणि खासगी उद्योगही आहेत. खाण कंपन्यांचा कल साहजिकच खाणींच्या परिसरातील गावांकडे असतो, हे लक्षात ठेवून अपेक्षा ठेवावी. संस्थेला सीएसआर-१ हा अर्ज भरून क्रमांक घ्यावा लागतो आणि त्यासाठी १२-ए, ८०-जी आणि तत्सम कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे आजच्या घडीला हा मार्ग तुम्हाला बंद आहे. तरीही कंपनीशी ओळख आतापासून करून घ्यावी, कारण सीएसआर समिती वर्षाचा कृती आराखडा आधीच ठरवते आणि ऐन मार्चमध्ये आलेल्या नव्या प्रस्तावाला सहसा जागा नसते.

प्रस्तावाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आमच्याकडे चांगले काम करणाऱ्या संस्थांचे प्रस्ताव केवळ मांडणीमुळे मागे पडताना मी पाहते. पहिली दोन पाने देशाच्या फाळणीवर आणि निर्वासितांच्या दुःखावर असतात आणि पैशाचा हिशेब शेवटच्या अर्ध्या पानात ‘शैक्षणिक उपक्रम’ एवढ्या एका ओळीत असतो. वाचणारा माणूस हळहळतो, पण त्याला समितीपुढे ठेवायला काही मिळत नाही. तुम्ही वर वही मागच्या बाजूने उघडणाऱ्या मुलाविषयी लिहिले आहे. त्या एका वाक्यातून मला तुमचे काम समजले. प्रस्तावही तेथूनच सुरू करा. मुलाला शाळेच्या लिपीत वाचता-लिहिता येईपर्यंत किती महिने लागतात, त्यासाठी शिक्षक किती, मानधन किती, वाचन तपासणार कसे, हे एका पानात मांडा. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत शिक्षणाला स्पष्ट स्थान आहे, त्यामुळे अभ्यासिकेचा खर्च सहज बसतो. व्हिसा आणि नागरिकत्वाच्या कागदपत्रांचा खर्च मात्र कंपनीकडे मागू नये. तो विषय कोणत्याही समितीला नाजूक वाटतो आणि त्याच्यामुळे शिक्षणाचा प्रस्तावही अडकून पडतो.

शालामित्र

उत्तर नागपुरातील शाळेत मी मुख्याध्यापक होतो. अशा कुटुंबांतील मुलांना प्रवेश देताना कागदपत्रांवरून अडवणूक होते, हे मी जवळून पाहिले आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ च्या कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि कलम ४ नुसार मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यायचे असते. हा कायदा ‘बालक’ म्हणतो, नागरिकत्व विचारत नाही. जे विशेष प्रशिक्षण प्रत्यक्षात शाळेला जमत नाही तेच तुमची अभ्यासिका देते आहे, तेव्हा जवळच्या शाळांच्या मुख्याध्यापकांकडून तसे पत्र घ्या. प्रस्तावाला जोडलेल्या छायाचित्रांपेक्षा त्या पत्राचे वजन अधिक पडेल.

छायाचित्रांवरून आठवले, आणि हे मी कळकळीने सांगतो आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा हिंदू कुटुंबांचे दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम राहतील असा खुलासा परराष्ट्र मंत्रालयाने केला होता. तरीही त्या आठवड्यात वस्तीत किती घबराट होती हे तुम्ही पाहिले असेलच. मुले शाळेत यायची थांबली होती. ज्यांचे काही नातेवाईक आजही सिंधमध्ये आहेत, अशा कुटुंबांची नावे, चेहरे आणि गावे समाजमाध्यमांवर किंवा देणगीदाराच्या अहवालात टाकणे योग्य नाही. देणगीदाराला भेटीला बोलवा, मुलांचे वाचन ऐकू द्या, हजेरीपट आणि हिशेबाची वही दाखवा. छायाचित्र हवेच असेल तर फळ्याचे किंवा वह्यांचे घ्या. इंटरनेटवरून लोकवर्गणी गोळा करणाऱ्या मिलाप, केट्टो यांसारख्या व्यासपीठांवर वैयक्तिक करुणकथा आणि चेहऱ्यांवरच भर असतो, म्हणून तुमच्या कामासाठी मला ते योग्य वाटत नाहीत.

खामला_सिंधी

आमचे आजोबा फाळणीनंतर सिंधमधून नागपूरला आले आणि आमचे कुटुंब खामल्यात वाढले. या धाग्यात परदेशी निधी आणि कंपन्यांची चर्चा झाली, परंतु घरचे दाते राहूनच गेले, म्हणून लिहितो. जरीपटका आणि खामला येथील व्यापारी, सिंधी समाजाच्या पंचायती आणि शिक्षणसंस्था चालवणारी मंडळी यांना निर्वासितपण समजावून सांगावे लागत नाही, ते त्यांच्या घरात आहे. दोन-तीन लाख रुपये ही रक्कम वीस-पंचवीस दुकानदारांनी महिन्याला हजार रुपये दिले तर उभी राहते. माझा अनुभव असा आहे की व्यापारी माणूस ‘संस्थेला मदत करा’ या मागणीला एकदाच हात सैल सोडतो आणि विसरतो. ‘तुमच्या नावाने एका शिक्षिकेचे वर्षाचे मानधन’ असे नेमके सांगितले तर तो दरमहा आठवणीने देतो आणि दिवाळीला मुलांची चौकशीही करतो. जे नवी करप्रणाली स्वीकारून बसले आहेत त्यांना ८०-जीचा लाभ तसाही मिळत नाही. तेव्हा प्रमाणपत्राची वाट न पाहता त्यांच्याकडे आजच जाता येईल.

रोटरीचाही विचार करावा. नागपूर रोटरीच्या ३०३० या प्रांतात येते. रोटरी फाउंडेशनच्या ग्लोबल ग्रँटचे अंदाजपत्रक किमान तीस हजार डॉलरचे असावे लागते, म्हणून ते तुमच्या आवाक्याबाहेर आहे. डिस्ट्रिक्ट ग्रँट मात्र लहान, स्थानिक कामांसाठीच असते. अर्ज क्लबने करायचा असतो, संस्थेने नव्हे. त्यामुळे आधी एखाद्या क्लबच्या सभासदांना अभ्यासिका दाखवावी लागेल. क्लबकडून वस्तुरूप मदत घेतली, म्हणजे बाके, कपाट, संगणक, स्कॅनर, तर दोन्ही बाजूंचा हिशेब सोपा राहतो.

सदरकर

कागदपत्रांच्या खर्चाचे मग काय करावे? तो कंपनीकडे मागायचा नाही, पालकांकडून घ्यायचा नाही. खरी निकड तर तेथेच आहे.

ताळेबंद

तो खर्च वैयक्तिक भारतीय देणगीदारांच्या पैशातून करावा आणि त्यासाठी वेगळे खाते-पान ठेवावे. खर्च कमी करण्याचेही मार्ग आहेत. शासकीय कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे, तरी लोक दरवेळी मुद्रांक विकत घेत राहतात. नागरिकत्व सुधारणा अधिनियमाचे ११ मार्च २०२४ रोजीचे नियम वाचून पाहा. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या कुटुंबांना त्याखालील अर्जासोबत मुदत संपलेले पारपत्रही पुरावा म्हणून चालते. म्हणजे केवळ या अर्जासाठी नूतनीकरण आणि दिल्लीचा प्रवास करायची गरज नाही. त्यानंतर आलेल्यांना मूळ १९५५ च्या कायद्यातील नोंदणी किंवा देशीयकरणाचा मार्ग आहे, तेथे पारपत्राची मुदत पाहिली जाते. नागरिकत्वाचे अधिकार केंद्राने २०१६ मध्ये ज्या सोळा जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले, त्यांत नागपूर होते. म्हणून त्या मार्गाची माहिती असलेली मंडळी शहरातच भेटतील. राजस्थानातील कुटुंबांसाठी जोधपूरचे सीमांत लोक संघटन कित्येक वर्षे हेच काम करते. त्यांच्याकडून पैसे नकोत, परंतु कागदपत्रांची पद्धत समजून घ्यावी.

प्रत्येक कुटुंबाची आगमनाची तारीख नोंदवहीत लिहून आधी दोन गट पाडा. पहिल्या गटाचा खर्च तुम्हाला वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी निघेल.

एक सावधगिरी. २०२४ च्या नियमांनुसार अर्जदाराच्या धर्माविषयी स्थानिक प्रतिष्ठित सामाजिक संस्थेचे पात्रता प्रमाणपत्र लागते. तुमच्या संस्थेने असे प्रमाणपत्र देण्याचे ठरवलेच तर त्यासाठी देणगी, शुल्क, ‘इच्छेनुसार’ असे काहीही घेऊ नये आणि दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राची प्रत ठेवावी. शक्य झाल्यास ते काम सिंधी पंचायतीकडेच राहू द्यावे.

अभ्यासिका_उत्तर_नागपूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पालकांच्या वर्गणीविषयीची बाब आम्हा कोणालाच ठाऊक नव्हती. ती वर्गणी अद्याप घेतलेली नाही आणि आता घेणारही नाही. घटना काढून वाचली. उद्देशात ‘सिंधी समाजातील’ असे शब्द आहेत, म्हणून दुरुस्तीसाठी सर्वसाधारण सभा बोलावतो आहोत. परिशिष्टावरील नावे बरोबर आहेत.

पहिल्या वर्षाचे अंदाजपत्रक असे बांधले आहे. दोन शिक्षिकांचे मानधन प्रत्येकी महिन्याला सहा हजार रुपये, खोलीचे भाडे चार हजार, वीज आणि वह्या-पुस्तके मिळून दोन हजार. म्हणजे महिन्याला अठरा हजार आणि वर्षाला दोन लाख सोळा हजार रुपये. कागदपत्रांसाठी वेगळे चाळीस हजार. मानधनासाठी दुकानदारांकडे जाऊ, स्कॅनर आणि बाके रोटरी क्लबकडे मागू. मुख्याध्यापकांच्या पत्रासाठी शाळांना विनंती करतो आहोत. शालामित्र सर, पत्राचा मसुदा तुम्ही पाहून द्याल का?

शालामित्र

अवश्य. मसुदा पाठवा. पत्रात विद्यार्थ्यांची नावे घालू नका, इयत्ता आणि संख्या पुरेशी आहे. दहावीच्या मुलांसाठी वेगळी तासिका ठेवता आली तर पाहा. बारावीनंतर व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशाला राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा दाखला मागतात आणि तेथे आपली चांगली मुले अडतात. ज्या घरात दहावीचे मूल आहे त्या घराचा नागरिकत्वाचा अर्ज आधी हाती घ्यावा, असे मी सुचवेन.

ताळेबंद

अंदाजपत्रक वास्तवाला धरून आहे. दोन दुरुस्त्या सुचवतो. मानधन रोख न देता बँकेतून द्या आणि लेखापरीक्षण शुल्कासाठी काही रक्कम धरा, ती दरवर्षी लागणारच. दुकानदारांकडूनही शक्यतो यूपीआय किंवा धनादेशानेच घ्या, आणि प्रत्येक देणगीदाराचे नाव, पत्ता व पॅन पावतीच्या स्थळप्रतीवर पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा. पुढे ८०-जी मिळाल्यावर देणग्यांचे वार्षिक विवरणपत्र ३१ मेपर्यंत भरावे लागेल, तेव्हा ही सवय उपयोगी पडेल. पावती पुस्तकावर संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि पॅन छापून घ्या. ८०-जी हाती येईपर्यंत त्यावर करसवलतीचा उल्लेख मात्र करू नये.